काळ्या पिशवीतलं औषध

ताईच्या हातात थेंबथेंब जाणाऱ्या केमोची बाटली काळ्या पिशवीने झाकलेली असते, कारण उजेडाने ते औषध बिघडतं. त्या दिवशी वॉर्डाबाहेर नव्या संशोधन प्रकल्पाच्या उद्घाटनाची समई पेटवून झाली होती आणि पाहुण्यांचं भाषण चाललं होतं. सूक्ष्म कण म्हणे औषध घेऊन गाठीपर्यंत जातील आणि प्रकाश टाकू तिथेच ते सोडतील. मग अंधारावर विजय वगैरेही झालं. दुसऱ्याच्या आजारावर उपमा सगळ्यांना सुचतात; ओकाऱ्या मात्र एकट्या ताईला होतात.

टाळ्यांनंतर त्या प्रकल्पातली संशोधक मुलगी आत डोकावली.

"माझ्यापर्यंत कधी येणार गं हे?" ताईने विचारलं.

"अजून उंदरांवरच चाललंय, मावशी."

"मग उंदरांना म्हणावं, घाई करा. मी काही इतक्यात जात नाही."

आणि तिने मला सरकलेली काळी पिशवी नीट करायला लावली.