पडद्याकडे पाठ

पडद्याकडे पाठ करून सिनेमा बघणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. आमच्या ऑफिसची अक्का तशी बघायची. सिनेमा तिनंच लिहिलेला, त्यामुळे पडद्यावर काय चाललंय ते तिला तोंडपाठ. पहिल्या रांगेपुढे खुर्ची उलटी टाकून ती लोकांचे चेहरे न्याहाळायची आणि कोण कुठे हसलं, कुठे जांभई दिली, ते वहीत टिपायची.

बेंगळुरूच्या कोरमंगल्यातल्या आमच्या ऑफिसात ती पटकथा सांगायची, मी टाइप करायचे. त्या वर्षी एका जुन्या गाजलेल्या कादंबरीतल्या चार बहिणी आजच्या बेंगळुरूत आणायचं काम तिच्याकडे आलं. पहिली, दुसरी आणि चौथी झटपट जमल्या. तिसरी, कुणी पसंत न केलेली अबोल बहीण, काही केल्या जिवंत होईना.

"कादंबरीत ही नुसती उसासे टाकते. उसाशांवर तिकिटं खपतात होय?" अक्का वैतागायची.

एक दिवस खुशीत आली. "मिळाली गं! माझ्याच घरात होती."

म्हणजे तिची धाकटी बहीण. चाळिशीची, बिनलग्नाची, आईचं सगळं करणारी. इकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घराण्यांतलं कानडी मिसळलेलं, 'बरं'च्या जागी 'सरी' म्हणणारं मराठी बोलणारी. अक्काही घरी तेच बोले, पण ऑफिसात तिच्या मराठीला पुण्याची इस्त्री असे. धाकटीला बघून गेलेल्या मंडळींचा एकदा नकार आला, तेव्हा ती स्वयंपाकघरात अक्काला म्हणाली होती, "नको तर नको, सरी. चिरोट्यांचा डबा तेवढा परत द्या म्हण. आईचा आहे."

अक्कानं नक्कल करून दाखवली. खोटं कशाला बोलू, मी पोट धरून हसले आणि शब्द न्‌ शब्द टाइप केला.

सिनेमाच्या खासगी खेळाला अक्कानं धाकटीला मुद्दाम बोलावलं. बिचारीला वाटलं, मानाचं बोलावणं. रेशमी साडी नेसून, गजरा माळून ती आली. "ही माझं टाइप करते," अक्कानं ओळख करून दिली आणि तिला माझ्या शेजारी बसवलं.

प्रेक्षक सगळे पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेले. पडद्यावरच्या तिसरीनं तोंड उघडलं की ते हसत. सुरुवातीला धाकटीही हसली. मग डब्याचं वाक्य आलं. लोक खदखदून हसले, टाळ्या पडल्या. तिनं तोंडाला पदर लावला. समोर बसलेल्या अक्कानं ते पाहिलं आणि वहीत खूण केली.

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "अक्का, हे मी तुला एकटीला सांगितलं होतं."

"म्हणून तर लोकांना नवं वाटलं," अक्का म्हणाली.

मला तिची किळस आली. नोकरी मात्र मी सोडली नाही.

सिनेमा चालला. अक्का घरात असेतो धाकटीनं बोलणंच बंद केलं, आईशीसुद्धा. अक्का ऑफिसात कुरकुरायची, "आता दुसऱ्या भागाला मी माल कुठून आणू?"

पुढे ती कायमची मुंबईला गेली. निघायच्या दिवशी मी सामान उचलायला घरी गेले. आई कशा आहेत, म्हणून विचारणार, तोच धाकटीनं ओठांवर बोट ठेवून अक्काकडे डोळ्यांनी खुणावलं. टॅक्सीच्या खिडकीतून अक्का म्हणाली, "अगं, जाताना तरी काही बोल की!" धाकटी फाटक धरून उभी राहिली.

गाडी कोपऱ्यावर वळली. मी हळूच म्हटलं, "गेल्या अक्का. आता बोला."

"तूही जा," ती म्हणाली. "टाइप तूच केलंस की."