घट्टा

आमच्या वर्कशॉपात काल साहेब एका कड्यावर भलतेच खूश झाले. विमानाच्या इंजिनात, भट्टीसारख्या धगीत बसणारं ते निकेलच्या मिश्रधातूचं कडं. आगीत नरम न पडणारा हा धातू कापायला घेतला की टूललाच भाजून काढतो. "महाग माल आहे, जपून," म्हणत साहेबांनी स्वतःच्या हाताने टूल सरकण्याचा वेग निम्म्यावर आणला. कडं आरशासारखं चमकू लागलं.

"काय फिनिश आलंय!" साहेब म्हणाले.

"फिनिश कसलं, घट्टा पडलाय त्याला," आमचे जुने ऑपरेटर साळवीकाका माझ्या कानाशी पुटपुटले.

खरंच होतं ते. हा धातू न कचरता, खोलवर कापावा लागतो. भीत भीत नुसता घासला की त्याची कातडी टणक होते. पुढच्याच फेरीला टूलचं टोक कचकन तुटलं आणि साहेबांनी टूल बनवणाऱ्याचा उद्धार केला.

असल्या भित्र्या हातांची मला शिसारी येते. धड कापत नाहीत, धड सोडत नाहीत. नुसते चाटून जातात आणि वर त्यालाच काळजी म्हणतात.

सुपरवायझर म्हणून बोलणं माझं काम होतं. "साहेब, वेग जरा... म्हणजे, तुम्हाला वाटलं तर," मी म्हणालो. साहेबांनी वळूनही पाहिलं नाही.

साळवीकाका हसले. "पंधरा वर्षं तुम्ही त्यांना असंच घासताय," ते म्हणाले. "घट्टा पडणारच की."