रंगवलेली पुस्तकं आणि उठवलेले शालिक काका

‘अभिनंदन मॅडम! तुमच्या पोस्टमुळे आमचं बालाघाट सुंदर झालं,’ अशी कॉमेंट माझ्या ब्लॉगवरच्या दोन वर्षांपूर्वीच्या पोस्टखाली आली. सोबत फोटो. भिंतीवर माणसाच्या उंचीची पुस्तकं रंगवलेली, मधोमध दोन मोठे पंख आणि त्या पंखांपुढे गॉगल लावून उभी असलेली एक मुलगी. फोटो मोठा करून पाहिला. भिंत ओळखीची होती. तिच्याच खाली ताडपत्री अंथरून शालिक काका जुन्या रहस्यकथा विकायला बसायचे. फोटोत ना ताडपत्री, ना काका. माझं डोकंच सणकलं. शनिवारी सकाळी निघाले.

नागपूरहून जायचं तर गोंदियापर्यंत रेल्वे बरी. स्टेशनबाहेर तर्रीपोहे खाऊन घ्या, पुढे तशी तर्री मिळत नाही. गोंदियाहून बस सत्तरेक रुपये घेते आणि रस्त्याच्या मूडप्रमाणे सव्वा-दीड तासात पोचवते. राजेगावपाशी राज्य बदलून मध्य प्रदेश लागतो, पाट्या हिंदी होतात, बसमधली बोली मात्र तीच राहते. शेजारच्या बाई फोनवर ओरडत होत्या, “हौ, येऊन राह्यली न मी! तू कुकर लाव!” एरवी असं काही ऐकलं की मी खूश होते. त्या दिवशी धानाची हिरवीगार शेतंसुद्धा मी रागानेच पाहत होते. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत काकांना परत द्यायची सहा पुस्तकं.

परत द्यायची, कारण काकांच्या धंद्याची रीतच तशी. वाचलेलं आणा, वर थोडे पैसे टाका, दुसरं न्या. खुनाची, भुताची, प्रेमाची, मराठी आणि हिंदी दोन्ही. बहुतेकांची मुखपृष्ठं गेलेली. काका खाकी कागद चढवतात, वर पेनाने नाव लिहितात, आणि नावाचं पानच फाटलेलं असेल तर स्वतःच एखादं झकास नाव ठेवतात. मग एकच कादंबरी तीन नावांनी फिरते आणि माणूस तीच पुन्हा घरी घेऊन जातो! म्हणून त्यांचे वाचक एक्कावन्नाव्या पानावर आपापली खूण करतात. कोणाचं फूल, कोणाचा त्रिकोण, कोणाची नुसती दोन टिंबं. पुस्तक हातात आलं की आधी एक्कावन्न उघडायचं. आपली खूण दिसली तर मुकाट्याने ठेवून द्यायचं. माझी खूण मासोळी.

हे सगळं मी त्या जुन्या पोस्टमध्ये मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. काकांचं खरं नाव, फोटो आणि नकाशावरची जागासुद्धा दिली होती.

भिंतीपाशी पोचले तेव्हा तिथे फोटोसाठी रांग होती. अहो, रांग! जवळ जाऊन पाहिलं तर रंगवलेल्या पुस्तकांवर एकही नाव नव्हतं. नुसते लाल, निळे, पिवळे पट्टे. काकांनी निदान नावं तरी ठेवली असती. मी पुटपुटत होते तेवढ्यात कडक इस्त्रीचे एक गृहस्थ हसत पुढे आले. भिंत रंगवणाऱ्या समितीतले.

“आप वो ब्लॉगवाली मॅडम हो ना? आपकी पोस्ट पढ़कर ही तो आइडिया आया!” मी नागपूरची म्हटल्यावर ते मराठीत आले. “पुस्तकप्रेमींचं ठिकाण, असं तुम्हीच लिहिलं होतं न?”

“आणि पुस्तकवाले?”

“त्याले हटवा लागलं. फोटोत ताडपत्री चांगली नाही दिसत. अन् कसले थिल्लर पुस्तकं ते, मॅडम. खून, लफडे. साहित्य थोडीच हाये?”

“तुम्ही शेवटचं पुस्तक कधी वाचलं?”

त्यांनी खिशातून फोन काढला आणि कोणाचाच फोन आलेला नसताना “हाँ बोलो” म्हणत ते निघून गेले. मी एवढी तापले होते की मागून ओरडले, “निदान खोटं बोलायला तरी शिका!” रांगेतली पोरं हसली.

समोर चहाची टपरी. तिथल्या कुसुमबाई काकांना डबा द्यायच्या, म्हणून त्यांना विचारलं, काका आता कुठे बसतात? त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “तुमाले सांगू? पुन्हा लिहानार न तुमी?” मी पिशवी उघडून पुस्तकं दाखवली. “परत द्यायची आहेत हो.” बाईंनी सहाही पुस्तकं पाहिली, चहा दिला आणि रस्ता सांगितला.

संध्याकाळ झाली होती, म्हणून लॉजवर राहिले. जेवायला चिन्नोर तांदळाचा भात आणि वरण होतं. भात असा सुवासिक, की भांडण विसरावं. मी विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका सापडले. एक सायकल, तिला दोन्ही बाजूंनी पिशव्या. गिऱ्हाईक येत होतं, उभ्याउभ्या एक्कावन्न उघडत होतं, जात होतं.

“आली का पोरी? पुस्तकं आनले?”

“काका, मी अर्ज करते. पुन्हा पोस्ट लिहिते. त्या लोकांची अब्रू काढते!”

“काहून?”

“काहून म्हणजे? तुमची जागा गेली!”

“तुह्या लिहिण्यानंच गेली न,” काका शांतपणे म्हणाले. “पहिले फोटोवाले आले. पुस्तक हातात धरेत, फोटो काढेत, ठेवून देत. माह्ये गिऱ्हाईक मांगं उभे. मंग साहेब लोक आले. वीस वर्सं कोनाच्या डोळ्यावर नाही आलो, म्हनून टिकलो. तू दाखोलं.”

मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तरी मी म्हटलंच, “पण मी भांडेन, काका.”

“तुले भांडाची हौस हाये, मले धंदा कराचा हाये. भिंतीचं लिही, लय लिही. माह्यं नाव अन् जागा लिहू नको.”

मग त्यांनी पिशवीतून एक खाकी पुस्तक काढलं, एक्कावन्नावं पान उघडून डोळ्यांजवळ नेलं. “तुही मासोळी नाही यात. ने.”

घरी येऊन आधी ती जुनी पोस्ट काढून टाकली. उशीर झालाय, ठाऊक आहे. इस्त्रीवाल्यांवर राग अजून आहेच. पण ते निदान अनोळखी होते. मी तर काकांच्या ताडपत्रीवर बसून चहा प्याले होते, आणि त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं की लिहू का.

पुस्तक दोन दिवसांत संपलं. एक्कावन्नवर एक फूल, एक त्रिकोण आणि दोन टिंबं होती. त्यांच्याखाली मासोळी काढली. आता ते परत द्यायला जायचं आहे.

तुम्हीही बालाघाटला जरूर जा. हवा तर भिंतीसमोर फोटोही काढा. काका वारासिवनीकडे बसतात की भरवेलीकडे की आणखी कुठे, ते मात्र विचारू नका. शालिक हे त्यांचं नावही नाही.