पाठीतलं पाणी

केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला सदरा दिसला की जळगावच्या दवाखान्यातली एक दुपार आठवते. तिथल्या लॅबमध्ये मी नवा होतो. सहा वर्षांच्या एका मुलीला रक्ताचा कॅन्सर निघाला होता आणि तो मेंदूकडे पसरलाय का, हे बघायला डॉक्टर तिच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढत होते. गुडघे पोटाशी घेऊन तिला कुशीवर घट्ट धरलं होतं तिच्या वडिलांनी. ते थेट केळीच्या कटाईवरून आले होते. असं पाणी लगेच तपासावं लागतं, म्हणून मी नळी घेऊन निघालो, तर ते मागोमाग आले. "काय दिसतं, भाऊ?" मी नळी उजेडात धरली आणि उगाच धीर द्यायला म्हणालो, "अगदी नितळ आहे." ते म्हणाले, "रोग लागलेली केयीची बाग बी पह्यले हिरवीच दिसते. मशीनमधी पाहा, मंग सांगा." मी पाहिलं. कॅन्सरच्या पेशी होत्या. संध्याकाळी डॉक्टरांनी त्यांना तसं सांगितलं. जाताना ते लॅबच्या दारात थांबले, म्हणाले, "बरं झालं, नीट पाह्यलं." आजही वाटेत कुणी विचारलं, तर मी नळी मुठीत झाकून घेतो.