मरीनातल्या बोटीवर अर्धाच सांगितलेला डॉक्टर

२००९. मंदीनं दुबईतली माणसं पटापटा घरी धाडली, पण आमच्या मराठी मंडळाचे कार्यक्रम काही बंद पडले नाहीत. शुक्रवारी दुबई मरीनात बोटीवर हायकू संमेलन! माणशी शंभर दिरहम, म्हणजे तेराशे रुपये, जेवणासकट. मुख्य वक्ता अस्मादिक. विषय, फ्रेंचमध्ये हायकू रुजवणारा एक डॉक्टर-कवी.

विषय मंडळातल्या मिलिंदनं सुचवलेला. त्याची नोकरी गेलेली, पुढच्या आठवड्यात तो कायमचा पुण्याला. "जायच्या आधी त्या डॉक्टरची गोष्ट पूर्ण ऐकव," एवढंच मागणं. पूर्ण म्हणजे, या गृहस्थानं पुढे लिहिलं की येशू नावाचा माणूस इतिहासात झालाच नाही. लगेच अध्यक्षांचा फोन. "हायकूवरच थांबा हं. वसईचे फर्नांडिसकाका येतायत, त्यांना वाईट वाटेल. शिवाय धर्माचा विषय म्हणजे सरकारी परमिशनचा प्रश्न." मी बाणेदारपणे म्हणालो, "इन्शाल्ला."

मी राहतो त्या मोहम्मद बिन झायद सिटीतून मरीना सव्वा तास. पार्किंगसाठी आणखी अर्धा तास हाताशी ठेवा. वाटेतल्या अर्ध्या इमारतींवरच्या क्रेन कित्येक महिन्यांत हललेल्या नाहीत. त्यातल्याच एका इमारतीचे बिल्डर आमचे प्रायोजक.

तीन ओळींच्या कवितेआधी दीपप्रज्वलन (वाऱ्यानं चारदा विझलेलं), शाल, श्रीफळ आणि प्रायोजकांचा अकरा ओळींचा हायकू. "हायकूच आहे, जरा ऐसपैस," ते म्हणाले. टाळ्या!

मग मी. तरुण डॉक्टर, दोन मित्र, कालव्यातली होडी, चिमुकल्या कविता... चांगला रंगलो. संपवलं, तर मिलिंद उठला. "पुढे काय केलं त्यांनी?"

अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. मी कागद आवरत म्हणालो, "पुढे... वाचन-चिंतनात काळ घालवला."

"अरे हट्!" म्हणत मिलिंदनं राहिलेलं सगळं दोन वाक्यांत सांगून टाकलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मंडळी बिर्याणीच्या रांगेत होती. कुणी ऐकलंच नव्हतं!

फक्त फर्नांडिसकाका ताट घेऊन आले. "हे तू का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, काका."

"मला विचारलंस? माझी श्रद्धा काय डॉक्टरच्या चिठ्ठीवर चालते? भांडायला मजा आली असती की रे!" आणि ते मिलिंदशेजारी जाऊन बसले, ते बोट धक्क्याला लागेपर्यंत.

परतताना गाडीत, सोबत आलेली लेक म्हणाली, "बाबा, वर यू स्केअर्ड? घाबरला होतास?" मी एसी वाढवला.

बोट झकास, बिर्याणी बेताची, एकदा जायला हरकत नाही. मिलिंद गेला. काका दर शुक्रवारी त्याला फोन लावून त्या डॉक्टरवरून तास तास भांडतात. मला त्यात कुणी घेत नाही, आणि घ्या म्हणायला माझं तोंड कुठे आहे?