बाच्या टॉर्चचे सेल

आमच्या तांड्यावरच्या घरात टॉर्च एकच होती, बाची. मक्यातली डुकरं तो तिच्याच उजेडात हाकलायचा.

काल पेटीत मामेभावाने दिलेला जुना हातातला व्हिडिओ गेम सापडला. झाकण उघडलं तर सेल फुटून हिरवा चिकट लगदा झालेला. वासाने ओकारीच आली.

हे सेल त्या टॉर्चचेच. लहानपणी एका रात्री, गेममधला चाकांच्या फळीवरून जिन्यावर उड्या मारणारा पोरगा खेळवायला मी ते गुपचूप काढले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बा शेतातून चिखलाने माखून परतला.

"टॉर्च लागलीच नाही वं पोरी. डुकरानं अर्धा मका लोळवला." मग माझ्या हातातला गेम बघून म्हणाला, "जितली का तू?"

जिंकले होते मी. लगद्याहून त्या जिंकण्याचीच जास्त किळस येते.

उरलेल्या अर्ध्या मक्यावरच बाने माझी त्या वर्षीची फी भरली, पुढेही शिकवलं. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली.