तरसाच्या गळ्यातली तार

गिधाड घाबरलं की ओकतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो नसतो.

ते गिधाड विजेच्या तारेला धडकून आमच्या कंपनीच्या आवारात पडलं होतं. दुष्काळ नुकताच सरला होता आणि पिंपरीच्या आसपास गिधाडं काही नवलाची नव्हती. पण ते दारात पडणं अशुभ म्हणून अख्खी शिफ्ट हातातलं काम टाकून उभी राहिली. कोणी नारळ आणायला पळालं, कोणी शांत करावी लागेल म्हणालं. सुपरवायझरनं मला बोलावून सांगितलं, "हे इथून हलवा." त्या दिवसांत हलवायच्या सगळ्या वस्तू माझ्याच वाट्याला येत. मी लाइट ड्यूटीवर होतो, म्हणजे स्टोअरमध्ये बसून वायसर मोजत होतो.

पत्रे कापायच्या पॉवर प्रेसखाली माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं होतं. त्या सकाळी प्रेस बटण न दाबता एकदा आपोआप खाली आली होती. शेजारच्या मशिनवरच्यानं ते पाहिलं होतं, पण तो बोलला नाही. मशिन बंद पडेल, प्रॉडक्शन बोंबलेल, असं त्याला वाटलं असावं. त्याच्यावर माझा पुष्कळ दिवस दात होता.

बोटं गेल्याचं दुःख एका बाजूला आणि जेवण एका बाजूला. माणूस उजव्या हातानं जेवतो, आणि माझ्या उजव्या हाताला आता कडच राहिली नव्हती. आमटी-भाताचा घास तोंडापर्यंत जाईतो निम्मा गळायचा. कँटीन सुटलं. घरीही मी भिंतीकडे तोंड करून जेवू लागलो. एरवी हात खिशात. अशात बायकोच्या भावाचं लग्न ठरलं. एकुलता एक भाऊ, बार्शीकडचं गाव, म्हणजे शंभर-दोनशे पाहुण्यांत पंगतीला बसणं आलं. मी म्हणालो, "तू जा, माझी रजा शिल्लक नाही." रजा होती, हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, "तुम्ही येणार नसाल तर मीही जात नाही." आणि ती बोलते ते करते. भावाच्या लग्नाला बहीण नाही, ती माझ्या दोन बोटांपायी, हे मला कळत होतं. तरी माझ्या तोंडून हो निघत नव्हतं.

तर ते गिधाड. पोत्यात गुंडाळून एका ओळखीच्या टेम्पोत टाकलं आणि चौकशी करत चाकणच्या पुढे गेलो. फाट्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी, सरकारी गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले एक डॉक्टर जखमी रानजनावरं ठेवून घेत. चार-पाच पत्र्याच्या शेड, एक विहीर, कुडाचं कुंपण. पाटी कसलीच नव्हती. स्वभावानं माणूस चिडका, माझ्यासारखाच. पोतं उघडून त्यांनी एकदा गिधाडाकडे आणि एकदा माझ्या हाताकडे पाहिलं. तोवर मला भेटणारा प्रत्येक जण "कसं झालं हो?" विचारायचा आणि मी मनात त्याला शिव्या घालायचो. डॉक्टरांनी विचारलं, "पकड आहे का?"

मी म्हणालो, "आहे."

"मग धरा."

मी धरलं, आणि ते माझ्या छातीवर ओकलं. त्या वासाचं वर्णन मी कोणाला केलेलं नाही, इथंही करत नाही. डॉक्टर पंख बांधत राहिले. बांधून झाल्यावर त्यांच्या मंडळींनी मला साबणाची वडी आणि डॉक्टरांचा जुना सदरा दिला. निघताना डॉक्टर म्हणाले, "गुरुवारी या. पट्टी बदलायची आहे."

आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. तेव्हापासून माझे गुरुवार तिकडचे झाले. गिधाड महिन्या-दीड महिन्यात उडून गेलं, मी जातच राहिलो. पगार नव्हता, पदही नव्हतं. पिंजरे धुवायचे, खाणं कापायचं, जखमेतल्या अळ्या चिमट्यानं काढायच्या. कधी पायात बाभळीचा काटा मोडलेलं हरीण, कधी कुत्र्यांनी फाडलेलं खोकड, कधी विहिरीत पडलेलं मुंगूस. पण माझं मुख्य काम धरायचं. डॉक्टर टाके घालणार, मी धरणार. जनावराच्या डोळ्यांवर फडकं टाकायचं, गप्प राहायचं, घट्ट धरायचं पण आवळायचं नाही.

आणि एक नियम होता. धरणाऱ्याचा हात भरून आला, पकड ढिली व्हायला लागली, की "सुटतंय" म्हणायचं. सुटल्यावर नव्हे, सुटायच्या आधी. म्हटलं की डॉक्टर हातातलं काम जिथल्या तिथे थांबवत, मागे सरत. किती वेळा म्हणालात म्हणून कधी रागावत नसत. न सांगता सोडलं मात्र, तर त्या माणसाला पुन्हा धरू देत नसत. मी कारखान्यातून आलेला माणूस. आमच्याकडे मशिन कुरकुरतंय म्हणणारा कामचुकार ठरायचा. पहिल्यांदा "सुटतंय" म्हणताना मला घाम फुटला होता. डॉक्टर नुसते "बरं" म्हणाले आणि थांबले. इतक्या साध्या गोष्टीनं माणसाला बरं वाटतं, हे मला तिथं समजलं.

दुपारी सगळे ओसरीवर बसून जेवत. मी माझा डबा घेऊन विहिरीमागे जायचो. कोणी बोलावलं नाही, कोणी अडवलंही नाही.

लग्न पंधरवड्यावर आलं असताना तरस आलं. रानडुकरांसाठी कोणीतरी शेताच्या बांधावर तारेचा फास लावला होता, त्यात तरस सापडलं. खुंटा उपटून ते पळालं, पण फास गळ्यातच राहिला. मांस सुजून तारेवर चढलं होतं, बाहेरून तार दिसतसुद्धा नव्हती. श्वास घेताना घरघर व्हायची. डॉक्टर म्हणाले, "आज नाही निघाली तर उद्या हे राहत नाही." भूल द्यायची सोय होती, पण असल्या श्वासावर भूल दिली तर ते जागंच व्हायचं नाही, म्हणून तसंच करायचं ठरलं.

चाकणला गॅरेज असलेले एक चाचा डॉक्टरांच्या जीपची दुरुस्ती करत आणि अडीअडचणीला मदतीला येत. त्यांनीच एक पिंजरा बनवला होता. हँडल फिरवलं की त्याची एक भिंत सरकत आत येई आणि जनावर गजांशी दाबून धरलं जाई. तरसाला त्यात घेतलं, डोळ्यांवर पोतं टाकलं. चावायला बाभळीचं दांडकं दिलं, आणि त्यावर दात रुतले तसा चाचांनी जबड्यावर दोराचा वेढा घालून दोन्ही टोकं खेचून धरली. आता गजांमधून हात घालायचा, केसांत तार चाचपायची, तिच्याखाली कटरचं टोक सरकवायचं आणि तोडायची. डॉक्टरांचा पंजा रुंद, तो मनगटाआधीच अडकला. त्यांनी दोनदा पाहिलं आणि हात बाहेर काढला.

"माझा जात नाही," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "तुमचा जाईल."

त्यात दया नव्हती की कौतुक नव्हतं. एखाद्याला खुर्चीवर चढून डबा काढून द्या म्हणावं, इतक्या सरळपणे ते बोलले. मी खिशातून हात काढला. तो आत गेला. सुजलेल्या मांसात गरम, चिकट लागत होतं, आणि त्यात खोल कुठेतरी मला तार लागली. मी कटर मागणार, तेवढ्यात चाचा हळूच म्हणाले, "डॉक्टर, सुटतंय बगा."

मी हात बाहेर ओढला. लगेच दोर निसटला, दांडकं कडकन मोडलं आणि जबडा गजावर आपटला, माझा हात होता तिथेच.

चाचांनी तळहाताला फुंकर घातली, दुसरं दांडकं घेतलं, दोर नव्याने बांधला. "आता धरतुया, भाऊ," ते मला म्हणाले. डॉक्टर पाटावर बसून राहिले. त्यांनी मला "घाला" म्हटलं नाही आणि "नको" असंही म्हटलं नाही. मी हाताकडे पाहिलं. तीन बोटं होती. प्रेसपाशी कोणी एवढं बोललं असतं तर पाच असती, असं मनात आलं. पण इथं एक माणूस बोलला होता. पुन्हा सुटलं तर पुन्हा बोलेल, याची मला खात्री होती. तेवढ्या खात्रीवर मी हात पुन्हा आत घातला.

तार दोन ठिकाणी तोडावी लागली. निघाली तेव्हा तरसानं इतका मोठा श्वास घेतला की पिंजऱ्याचे गज हलले. डॉक्टरांनी जखम धुतली, औषध भरलं. मग सगळ्यांनी विहिरीवर हात धुतले आणि डॉक्टरांच्या मंडळींनी ओसरीवर पानं घेतली. मी माझा डबा शोधायला लागलो तर त्या म्हणाल्या, "डबा राहू द्या. पिठलं निवेल." मी चाचांच्या शेजारी बसलो, भाकरी मोडली. पिठलं थोडं सांडलं. चाचांचंही सांडत होतं, त्यांचे हात अजून थरथरत होते.

ते तरस महिनाभर राहिलं आणि एका संध्याकाळी डोंगराकडे निघून गेलं. मी मात्र तार काढली त्याच गुरुवारी घरी जाऊन बायकोला म्हणालो, "रजा मिळेल." तिनं वळून पाहिलं नाही. ट्रंक मात्र लगेच खाली काढली.

डॉक्टरांचे मी कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर त्यांनी मला पिंजरे धुवायला पिटाळलं असतं. मी कुणाचं ऋण सहसा मान्य करत नाही, पण त्या माणसाचं मान्य करतो, आणि चाचांचंही. मला माझा हात डॉक्टरांनी परत दिला, तोही काम सांगून.

लग्नात मी पंगतीला बसलो. पानावर भात, आमटी, बुंदी. नवरा-नवरीचे घास देऊन झाले, तशा तिकडच्या बायकांनी जुन्या जोड्या धरल्या. बायकोला आणून माझ्यापुढे बसवलं. तिनं उखाण्यात नाव घेऊन मला घास दिला. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. कोणाला हाताचं ठाऊक होतं, कोणाला नव्हतं. मी बुंदी उचलली. सुट्टी बुंदी ती, बायकोच्या तोंडापर्यंत नेईतो निम्मी माझ्या धोतरावर सांडली. हातात उरलेल्या चार कळ्या तिनं खाल्ल्या, सावकाश चावून गिळल्या.

"अजून द्या," ती म्हणाली.